मानेतली गाठ, नारिंगी गोळी आणि ‘लिम्फ साफ करणारं’ पाणी

सायली_द | सोमवार, रात्री ११.१०

माझ्या नणंदेच्या मानेला डावीकडे, जबड्याखाली, गाठ आली आहे. दिवाळीत ती फराळाचा डबा घेऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात माझा हात धरून तिनं तिथं नेला, “वहिनी, बघ गं, लागते का?” तेव्हा हरभऱ्याएवढी होती. परवा नाशिकला गेले होते तर चांगली बोराएवढी झालीय, आणि शेजारी आणखी दोन. दुखत नाही म्हणते. वय ३१, शाळेत शिकवते, घरात लहान मूल. संध्याकाळी अंग जरा कोमट लागतं, पण “दिवसभर ओरडून ओरडून होतं गं तसं” हे तिचं उत्तर.

घरच्या व्हॉट्सॲप गटावर निदान कधीच झालेलं आहे: इम्युनिटी डाऊन. त्यावर उपाय म्हणून ती रोज क जीवनसत्त्वाच्या, पाचशे मिलिग्रॅमच्या दोन नारिंगी चघळायच्या गोळ्या घेते. शिवाय एका मैत्रिणीनं इन्स्टावरून मागवून दिलेली बाटली आहे. ‘लिम्फ डिटॉक्स’ असं नाव, आत लिंबू, आलं, हळद आणि एक हजार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. लेबलवर लिहिलंय की लसीकासंस्थेत साचलेला कचरा एकवीस दिवसांत बाहेर पडतो. दोन बाटल्या संपल्या. गाठ तिथंच.

मी कॉमर्सची. पण गेले चार दिवस रात्री बसून वाचतेय, आणि मला एवढं कळलंय की क जीवनसत्त्व आणि पांढऱ्या पेशी यांचा संबंध अगदीच थाप नाही. तो नेमका काय आहे, आणि गाठीशी त्याचा काही संबंध आहे का? तिला नुसतं “बंद कर ते” म्हटलं तर ऐकणार नाही. कारण द्यावं लागेल. शिक्षिका आहे.

कडुनिंब | सोमवार, रात्री ११.४२

सायली, क जीवनसत्त्वाचं नंतर बघू. पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत म्हणून आधी हे सांगते: दिवाळीपासून म्हणजे सहा आठवडे झाले, गाठ वाढतेय, दुखत नाही, शेजारी आणखी आल्या, संध्याकाळी कणकण. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि सुईची तपासणी करून घ्या. एफएनएसी म्हणतात. भूलबिल लागत नाही. इंजेक्शनच्याच जाडीची सुई गाठीत घालतात, दोन-तीनदा मागेपुढे करतात, सुईत जे येतं ते काचेवर पसरतात. दहा मिनिटांचं काम.

एक विचारायचं राहिलं. त्या तीन गाठी बोटाखाली वेगवेगळ्या सरकतात, की एकमेकींना चिकटल्यासारख्या एकत्र हलतात?

सायली_द | सोमवार, रात्री ११.५०

एकत्र. द्राक्षाचा छोटा घोस असावा तशा. का?

कडुनिंब | सोमवार, रात्री ११.५५

उद्याच जा.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६.३०

कडुनिंबताईंशी शंभर टक्के सहमत. निदान इथं बसून करणार नाही, पण आपल्या भाषेला या गोष्टी फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. मानेत अशा माळेसारख्या गाठी आल्या की जुनी माणसं ‘गंडमाळा’ म्हणायची. पायाला काटा लागून पिकला की जांघेत दुखरा गोळा येतो, त्याला ‘अवधाण आलं’ म्हणत. माझ्या दवाखान्यात शेतकरी यायचा आणि म्हणायचा, “डॉक्टर, अवधाण आलंय.” मी आधी त्याच्या पायाचा तळवा बघायचो. नव्वद टक्के वेळा जखम तिथं सापडायची. कुठल्या गाठीकडे कुठल्या भागाचं पाणी येतं, याचं ज्ञान त्या एका शब्दात आहे.

आता मूळ प्रश्न. रक्तवाहिन्यांतून जे पाणी पेशींच्या फटींत झिरपतं, त्यातलं उरलेलं गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्यांचं जाळं म्हणजे लसीकासंस्था. रक्ताला हृदय आहे, इथं तसा मध्यवर्ती पंप नाही. नळ्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात, आत एका दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात, बाकीचं काम आपले स्नायू आणि श्वास करतात. शेवटी बहुतेक पाणी डाव्या बाजूला, मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत रिकामं होतं. वाटेत सहाशेच्या आसपास गाठी. प्रत्येक गाठ म्हणजे नाकाबंदी: येणारा-जाणारा तपासला जातो, संशयित सापडला की तिथंच लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची भरती सुरू होते, आणि गाठ सुजते. सूज ही कामाची खूण आहे. ‘कचरा साचला’ ही कल्पना त्या बाटलीवाल्याची.

क जीवनसत्त्वाची यात दोन कामं आहेत. पहिलं गवंड्याचं. कोलॅजन नावाचं प्रथिन त्वचेत, रक्तवाहिन्यांत, लसीकावाहिन्यांच्या भिंतीत, गाठींच्या वेष्टनात सगळीकडे असतं. त्याचे तीन पदर एकमेकांत घट्ट पिळले जाण्यासाठी जी रासायनिक क्रिया लागते, ती क जीवनसत्त्वाशिवाय होत नाही. ते संपलं की पीळ सुटतो, हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमा उघडतात. तीच स्कर्व्ही.

दुसरं काम पांढऱ्या पेशींच्या आत. या पेशी क जीवनसत्त्व रक्तातून अक्षरशः ओढून घेतात. रक्तद्रवात जेवढं असतं त्याच्या पन्नास ते शंभर पट पेशीच्या आत साठवलेलं असतं. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते आणि त्याच्यावर तीव्र ऑक्सिडीकारक रसायनं सोडते, त्या स्फोटात ती स्वतः लगेच भाजून निघू नये म्हणून हा साठा. काम झालं की ती पेशी मुकाट्यानं मरून उचलली जावी, फुटून आजूबाजूला आग लावू नये, यातही त्याचा हात आहे. म्हणजे संबंध खरा आहे, सायलीताई, तुम्ही बरोबर वाचलंत.

पण साठवणीला मर्यादा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निरोगी तरुणांना महिनोन्‌महिने मोजून डोस देऊन बघितलं. रोज शंभर मिलिग्रॅमच्या आसपास पांढऱ्या पेशी भरल्या. दोनशेच्या पुढे रक्तातली पातळीही फारशी वाढेना. हजार मिलिग्रॅमची गोळी घेतली तर जेमतेम निम्मी आतड्यातून शोषली जाते आणि शोषलेल्यातली बरीचशी लघवीवाटे जाते. भरलेल्या रांजणात ओतत राहिलं की अंगण भिजतं, एवढंच.

आणि एक गंमत. त्या बाटलीवर ‘लिम्फसाठी’ असं लिहून क जीवनसत्त्व विकलंय. पण क पाण्यात विरघळतं, ते आतड्यातून थेट रक्तात जातं, यकृताकडे. लसीकावाहिन्यांतून प्रवास करतात ती चरबीत विरघळणारी अ, ड, इ आणि के. जेवणातल्या तुपातेलाबरोबर. लेबल लिहिणाऱ्याला गाडीच चुकीची सापडली.

प्रयोगशील | मंगळवार, सकाळी ९.१५

डॉक्टरसाहेब, आदर ठेवून असहमत. लायनस पॉलिंग हा काही इन्स्टावरचा माणूस नव्हता. १९५४ चं रसायनशास्त्राचं नोबेल, १९६२ चं शांततेचं, दोन्ही एकट्याच्या नावावर. तो स्वतः रोज अठरा ग्रॅमपर्यंत घ्यायचा आणि ९३ वर्षं जगला. त्याचा मुद्दा साधा होता: शेळी स्वतःच्या यकृतात रोज कित्येक ग्रॅम क बनवते, आजारी पडली की आणखी जास्त. आपल्याकडे ते बनवणारं जनुक मोडलेलं आहे. माकडांचं, गिनीपिगचं आणि आपलं. मग शेळीला ग्रॅममध्ये लागतं आणि माणसाला मिलिग्रॅममध्ये कसं भागतं? मी गेली अकरा वर्षं रोज दोन ग्रॅम घेतोय, सर्दीचा पत्ता नाही.

पायवाट | मंगळवार, सकाळी १०.०५

@प्रयोगशील, मी अकरा वर्षं रोज सकाळी धावतो, मलाही सर्दी नाही. गोळी घेत नाही. आता आपण दोघांनी काय सिद्ध केलं?

मस्करी बाजूला. पॉलिंगचं सर्दीवरचं पुस्तक १९७० चं. त्यानंतर लोकांनी खरोखर तपासून पाहिलं. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात अकरा हजारांवर माणसांचे प्रयोग एकत्र केले. रोज क घेणाऱ्या सर्वसामान्य लोकांत सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर आटोपली. म्हणजे सात दिवसांच्या सर्दीत अर्ध्या दिवसाची बचत, तीही वर्षभर रोज गोळी घेतली तर. शिंका सुरू झाल्यावर घेणाऱ्यांना तेवढाही ठोस फायदा दिसला नाही.

एक अपवाद आहे आणि तो माझ्या जातीचा आहे म्हणून सांगतो. मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्कीइंग करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा सहाशेएक लोकांत सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीचे धावपटूही होते. शरीर पिळून काढणाऱ्यांना उपयोग होत असावा. ऑफिसच्या एसीत बसणाऱ्याला नाही.

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर | मंगळवार, सकाळी १०.४०

शेळीचा प्रश्न चांगला आहे, त्याला उत्तरही सुंदर आहे. ज्या प्राण्यांचं ते जनुक मोडलं, त्यांच्या तांबड्या पेशी वापरलेलं क जीवनसत्त्व आत ओढून पुन्हा ताजं करून देतात. शेळीच्या पेशी हे जवळजवळ करत नाहीत. शेळी नवीन भांडी विकत घेते, आपण घासून वापरतो.

पॉलिंगबद्दल एवढंच: क कर्करोगावरही चालतं असं तो म्हणायचा. म्हणून कर्करोगाच्या रुग्णांना रोज दहा ग्रॅम क देऊन अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं दोन चाचण्या घेतल्या, १९७९ आणि १९८५ साली निष्कर्ष आले. फायदा दिसला नाही. शिरेतून दिल्यावर काय होतं हा वाद पुढे चालू राहिला, तो रास्तही आहे. पण २०२२ मध्ये जंतुसंसर्ग रक्तात भिनलेल्या अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवर शिरेतून मोठे डोस देऊन पाहिले, तेव्हा क मिळालेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. जास्त म्हणजे निदान निरुपद्रवी, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

मुक्काम_पोस्ट_जळगाव | मंगळवार, दुपारी १.२०

निरुपद्रवीवरून आठवलं. करोनाच्या लाटेपासून मी रोज एक फसफसणारी हजारची गोळी ग्लासात टाकायचो. टीव्हीवर पाहून नव्हे, आमच्या सोसायटीत सगळेच घ्यायचे म्हणून. त्यात जळगावचा उन्हाळा आणि पाणी कमी पिण्याची माझी सवय. दोन वर्षांनी मुतखडा. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांना सांगून कळणार नाही. मी बाथरूमच्या फरशीवर आडवा होतो.

सर्जननी खड्याचा रिपोर्ट बघून विचारलं, “सी व्हिटॅमिन घेता का?” जादा क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट होतो म्हणे, आणि खडा त्याचाच होता. स्वीडनमध्ये हजारो पुरुषांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, त्यात गोळ्या घेणाऱ्यांना खडा होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट सापडलं. माझा त्याच गोळीनं झाला असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी बंद केली. फसफसायला त्यात सोडियमही असतं, बीपीवाल्यांनी बघावं.

कडुनिंब | मंगळवार, दुपारी १.४५

लॅबच्या बाजूनं एक भर. भरपूर क घेऊन आलेल्या माणसाच्या लघवीत साखर किंवा रक्त असलं तरी रंगपट्टी कधीकधी ‘नाही’ दाखवते. आणि शिरेतून मोठा डोस दिलेल्या माणसाची साखर बोटाला टोचायच्या मशीनवर खोटीच जास्त दिसू शकते, कारण काही मशीनना क आणि ग्लुकोज यांत फरक कळत नाही. आमच्याकडे एक काका आले होते, ग्लो येण्यासाठी कुठल्याशा ब्यूटी क्लिनिकमध्ये सलाईन घेऊन. मशीन म्हणतं ३४०, आमचा शिरेतल्या रक्ताचा रिपोर्ट १३२. त्या मशीनच्या आकड्यावर कुणी इन्शुलिन टोचलं असतं तर? जी६पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असणाऱ्यांनी तर त्या सलाईनच्या वाटेलाही जाऊ नये, तांबड्या पेशी फुटतात.

सायली, गेलात का?

तोफखाना | मंगळवार, दुपारी ४.३०

वैद्यकातलं कळत नाही, पलटणींचा इतिहास थोडा कळतो. स्कर्व्ही म्हटलं की सगळे ब्रिटिश नौदलाच्या जेम्स लिंड या डॉक्टरकडे जातात: १७४७, बारा आजारी खलाशी, दोघांना संत्री-लिंबू, बाकीच्यांना सायडर, व्हिनेगर, समुद्राचं पाणी, पातळ गंधकाम्ल वगैरे. फळं खाणारे सहा दिवसांत उठून बसले. आणि तरी ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्रास मिळायला १७९५ उजाडलं.

आपल्या माणसांची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातलं, म्हणजे आताच्या इराकमधलं, कूट. वेढ्यात अडकलेली फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. रसद संपत आली तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सोल्जरांनी ताजं मांस खाल्लं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी धर्माच्या कारणानं वेढ्याच्या शेवटच्या आठवड्यांपर्यंत टाळलं. परिणाम असा की गोरे मैद्याच्या पावावर होते त्यांना बेरीबेरी झाला, कारण मैद्यात ब१ नाही. आपले शिपाई आट्यावर होते, ते बेरीबेरीतून वाचले आणि स्कर्व्हीनं पडले. एकाच वेढ्यात, एकाच गावात, दोन ताटांतून दोन वेगळे रोग. शिपायांना आजूबाजूचा रानपाला गोळा करून खायला घालत.

त्यानंतर लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्हीवर चालेल असं काही नसतं, पण तेच भिजवून मोड आणले की चालतं. म्हणजे आपली मोडाची मटकी. कूटमध्ये डाळ शिल्लक होती की नाही ठाऊक नाही, पण मोड आणण्याएवढी अक्कल वर कुणाला असती तर… असो. अवांतर झालं.

निंबोणी | मंगळवार, सायंकाळी ६.००

@तोफखाना, अवांतर कसलं, धाग्यातलं सगळ्यात भारी. मटकीला उद्यापासून सॅल्यूट ठोकून मग फोडणी.

बाकी सगळे मिलिग्रॅम मिलिग्रॅम करताहेत म्हणून स्वयंपाकघरातून. भारतीय तक्त्यांप्रमाणे बाईला रोज ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम पुरतं. शंभर ग्रॅम पेरूत दोनशेच्या वर असतं. म्हणजे एक मध्यम पेरू मीठ-तिखट लावून खाल्ला की दोघांचं भागलं. आमच्याकडे मिळतो तो सरदार पेरू, त्याला लखनौ-४९ असंही म्हणतात, पण निवड झालेली आपल्या पुण्यात, गणेशखिंडीच्या बागेत. आवळ्याला जुन्या तक्त्यांत सहाशे लिहायचे, २०१७ च्या नव्या तक्त्यात अडीचशेच्या आसपास आहे. तरी राजा तोच. शेवग्याचा पाला, ढोबळी मिरची, कोबी, कोथिंबीर, सगळ्यांत आहे.

आंबट म्हणजे क, हा मात्र गैरसमज. चिंच एवढी आंबट, क नावापुरतं. लिंबातही आंबटपणा सायट्रिक आम्लाचा, एका लिंबाच्या रसात वीसेक मिलिग्रॅम क. पण पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत ज्या कुणी काढली तिला नमस्कार. पोह्यांतलं लोह असं सहजासहजी शोषलं जात नाही, क सोबत असलं की बऱ्यापैकी शोषलं जातं. फक्त गॅस बंद करून पिळा. आणि पोहे खाऊन लगेच चहा ओतू नका, लिंबानं केलेलं चहा घालवतो. हे मी रोज करते, म्हणून सांगते.

वर्धेकर | मंगळवार, रात्री ८.१५

लसीकासंस्था नुसती पुस्तकात पाहायची गोष्ट नव्हे राजेहो, आमच्या विदर्भात ती रस्त्यानं चालताना दिसते. हत्तीपाय. वर्धा, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली सगळीकडे. क्युलेक्स डास चावतो, त्यातून सुतासारखे जंत लसीकावाहिन्यांत जाऊन वर्षानुवर्षं राहतात, झडपा कामातून जातात, पाणी वर चढत नाही. पिल्लं रक्तात रात्री येतात म्हणून आरोग्य खात्याची माणसं रक्त घ्यायला रात्री नऊनंतर दार वाजवतात. लहानपणी आम्ही त्यांना घाबरून पलंगाखाली.

माझ्या मोठ्या आईचा डावा पाय तसा होता. तिला कुणी लिम्फ डिटॉक्स विकलं असतं तर तिनं तो पाय दाखवला असता. ज्यानं खरंच फरक पडला ते सेवाग्रामला शिकवलेलं: रोज साध्या साबणानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं टिपून कोरड्या करायच्या, भेग दिसली की मलम, रात्री पाय उशीवर. दर पावसाळ्यात तिला थंडी वाजून ताप यायचा, पाय लाल व्हायचा. बेचक्या कोरड्या ठेवायला लागल्यावर दोन पावसाळे ताप आला नाही. पाय बारीक झाला नाही, पण बाई बाजारात जाऊ लागली. खात्याच्या गोळ्या वाटायला येतात तेव्हा समोर उभं राहून घ्या, खिशात घालू नका.

लीड्सवासी | मंगळवार, रात्री ११.३०

वर्धेकर, तुमच्या मोठ्या आईचं वाचून डोळे भरून आले. माझा हात तसाच आहे, कारण वेगळं. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या, आठ महिन्यांनी बांगडी चढेना. मलाही भारतातून तीन जणींनी क जीवनसत्त्व आणि डिटॉक्सचे फॉरवर्ड पाठवले. इथल्या लिम्फिडिमा (लसीका साचून येणारी सूज) बघणाऱ्या नर्सनं दिलेलं सगळं हातानं करायचं आहे: मापाची घट्ट बाही, हलका व्यायाम, त्वचेला रोज क्रीम, खरचटलं तरी लक्ष. मालीश इतकी हलकी असते की पहिल्यांदा वाटलं ही बाई मला गोंजारतेय. लसीकेच्या नळ्या त्वचेच्या लगेच खाली असतात, दाबलं तर त्याच मिटतात. वजन आटोक्यात ठेवा हेही तिनं सांगितलं, ते मी ऐकलं नाही.

सायली_द | नऊ दिवसांनी, बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय. बुधवारी गेलो. नणंदेनं कारण विचारलं, मी तिला डॉक्टरकाकांचा रांजण आणि लेबलवरची चुकीची गाडी ऐकवली. गाडीवर हसली आणि तयार झाली. सुईचं पाच मिनिटांत झालं. सुईतून रक्त न येता पांढरट, पनीरच्या भुग्यासारखं काहीतरी आलं, तेव्हा तिथल्या ताईंचा चेहरा जरा बदलला. कडुनिंब, तुम्हाला कळलं असेल.

टीबी आहे. गाठीचा. त्याच नमुन्यावर जनुकीय तपासणीही केली, औषधांना दाद देणारा जंतू आहे. छातीचा एक्सरे स्वच्छ, त्यामुळे घरातल्यांना तिच्याकडून धोका नाही म्हणाले, तरी लहान मुलाची तपासणी केली. सरकारी केंद्रात नाव नोंदवलं, वजनावर गोळ्यांची संख्या, चार औषधं दोन महिने, पुढे तीन औषधं चार महिने. सगळं फुकट. शिवाय खाण्यासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतील.

प्रयोगशील | बुधवार, रात्री १०.५५

लवकर बऱ्या होवोत. मला कुणी ओरडू नका, पण २०१३ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी क जीवनसत्त्वानं टीबीचा जंतू मारून दाखवला होता. आणि १९३० च्या दशकात गिनीपिगवर प्रयोग झाले, क कमी असलेले जास्त आजारी पडले. औषधाबरोबर गोळी चालू ठेवायला काय हरकत?

निवृत्त_फॅमिली_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६.२०

ओरडत नाही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. २०१३ चं काम परीक्षानळीतलं. क लोहाबरोबर मिळून जंतूच्या आत घातक रेणू तयार करतं. पण त्या नळीतली पातळी तोंडानं कितीही गोळ्या घेतल्या तरी रक्तात येत नाही, दोनशेच्या पुढचं गणित वर सांगितलंच. गिनीपिगवरून एवढंच कळतं की कमतरता वाईट. ती पेरूनं भरते.

टीबीत ताट किती मोलाचं आहे याचा पुरावा मात्र आपल्याच देशातला आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या दिल्या, २०२३ मध्ये निकाल आले. त्या घरांत नव्या टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्के कमी. इम्युनिटी वाढवायची असेल तर ती अशी, महिन्याच्या किराण्यात. नणंदेच्या हजार रुपयांत अंडी, शेंगदाणे, डाळ आणा. वजन वाढतंय का ते दर महिन्याला लिहून ठेवा.

एक सूचना. औषध चालू असताना गाठ मध्येच मोठी होऊ शकते, नवीनही येऊ शकते. प्रतिकारशक्ती मेलेल्या जंतूंवर तुटून पडते म्हणून. घाबरून गोळ्या बंद करू नका, केंद्रावर दाखवा.

कडुनिंब | गुरुवार, सकाळी ९.००

आणि जेवणाआधी की नंतर, कितीला, ते केंद्रावरच्या ताईंकडून कागदावर लिहून घ्या. पोटात मळमळलं, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी जा.

सायली_द | शुक्रवार, रात्री ९.४५

लिहून घेतलं. फ्रिजवर चिकटवलंय, बाळाच्या लसीकरणाच्या तक्त्याशेजारी. तिला सोबत एक जीवनसत्त्वही लिहून दिलंय बरं का. क नव्हे, बी६. त्या चारांतल्या एका औषधानं हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून.

डिटॉक्सची तिसरी बाटली उघडली नव्हती. परत घेत नाहीत. सासूबाईंनी त्या पाण्यानं तांब्याची भांडी घासली, लखलखीत निघाली.

आज सकाळी नणंदेचा घाबरून फोन, “वहिनी, लघवी नारिंगी होतेय!” मी केंद्रात विचारलं तर म्हणाल्या, त्या चारांतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग आहे, सगळ्यांना येतो, औषध पोटात जातंय असं समजा. तिला सांगितलं तर म्हणाली, “दोन महिने चघळल्या त्या काय कमी नारिंगी होत्या?”